हिरवा ठिपका पुरेसा नाही



डोहाळजेवणाचा दिवस ठरला की साडी, फुलांचे दागिने आणि पदार्थांची यादी यांवर घरात आठवडाभर चर्चा चालते. मेकअपचं मात्र एका वाक्यात उरकतं. "पार्लरवालीला सांगितलंय, ती बघेल." ती काय बघणार? तिचं काम चेहरा खुलवायचं, आणि ते ती चोख करते. तिच्या पेटीत जे आहे ते पोटातल्या बाळाला चालेल का आणि आपल्या धर्माला चालेल का, हे दोन प्रश्न तिचे नाहीत. ते आपले आहेत.

या दोन प्रश्नांचा आपण एकच प्रश्न करून टाकतो, असं मला वाटतं. पाकीट उलटून हिरवा ठिपका शोधायची सवय आपल्यातल्या बहुतेकींना लागली आहे. चांगली सवय आहे. पण गरोदरपणात तिथेच थांबलं तर फसगत होते. हिरवा ठिपका इतकंच सांगतो की ही वस्तू शाकाहारी मानली जाते. बाळाला अपाय होणार नाही, असं तो सांगत नाही. पारा प्राण्यापासून येत नाही, शिसंही येत नाही. उलट कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून काढतात. तो आपल्याला मुळीच चालत नाही, पण गरोदरपणात तो घातक आहे असं डॉक्टर म्हणत नाहीत.

आपण पाणी दुहेरी कापडातून गाळतो ना, तसं हे आहे. अहिंसेचं एक गाळणं आणि बाळाच्या सुरक्षिततेचं दुसरं. एकातून पार झालेलं दुसऱ्यातून पार होईलच असं नाही. दोन्हीतून उतरेल तेच चेहऱ्याला लावावं, एवढंच माझं म्हणणं.

पहिलं गाळणं: यात कुणाचा जीव गेला?

हे आपल्या परिचयाचं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. हिरवा ठिपका सगळ्याच प्रसाधनांवर सापडत नाही. तेव्हा घटकांची यादी वाचता यायला हवी. लाल-गुलाबी रंगात "कार्माइन", "कोचिनील" किंवा "सीआय ७५४७०" दिसलं तर तो किड्यांचा रंग. चमचमणाऱ्या आयशॅडोत किंवा नेलपॉलिशमध्ये "ग्वानिन" किंवा "सीआय ७५१७०" असेल तर ती माशांच्या खवल्यांची चमक. "सेरा अल्बा" म्हणजे मधमाश्यांचं मेण, "लॅनोलिन" म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, "शेलॅक" म्हणजे लाखेच्या किड्यांपासूनची लाख. कोलॅजेन आणि केराटिन बहुधा प्राण्यांपासूनच येतात. ग्लिसरीन, स्टिअरिक अ‍ॅसिड आणि स्क्वालेन वनस्पतींपासूनही मिळतात आणि प्राण्यांपासूनही. ते नक्की कशापासून आलं, हे ठिपक्यावरून किंवा कंपनीला विचारूनच कळतं. मेणाच्या जागी कार्नोबा किंवा कँडेलिला हे वनस्पतींचं मेण वापरलेली लिपस्टिक आता सहज मिळते.

सशाच्या चित्राबद्दलही गैरसमज आहे. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे, आणि तशी चाचणी केलेला माल आयात करायलाही. ही समाधानाची गोष्ट आहे. पण चाचणी प्राण्यावर केली नाही म्हणजे आत मेण किंवा कार्माइन नाही, असा अर्थ होत नाही. ससा पाहून निश्चिंत होऊ नका.

लिपस्टिकबाबत तर दुप्पट काळजी घ्यायला हवी, कारण ती ओठांवर राहत नाही. बोलताना, पाणी पिताना थोडी थोडी पोटात जातेच. जी बाई कंदमुळं खात नाही आणि सूर्यास्तानंतर जेवत नाही, तिच्या पोटात दिवसभर किड्यांचा रंग जावा, हे कसं चालेल?

दुसरं गाळणं: हे बाळापर्यंत पोहोचेल का?

आधीच सांगते, हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. त्वचेवर लावलेलं सगळं रक्तात जात नाही. साधी पावडर, फाउंडेशन, लिपस्टिक कधीतरी लावल्यानं बाळाला काही होत नाही. सांभाळायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्या नावानिशी माहीत हव्यात.

पहिली गोष्ट रेटिनॉइड, म्हणजे जीवनसत्त्व 'अ'चे प्रकार. सुरकुत्या, मुरमं आणि डागांच्या क्रीममध्ये ते रेटिनॉल, रेटिनाल्डिहाइड, रेटिनिल पामिटेट, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापेलीन, टॅझारोटीन अशा नावांनी असतात. मुरमांसाठी पोटात घ्यायची आयसोट्रेटिनॉइनची गोळी गर्भाला गंभीर व्यंग आणू शकते, हे पक्कं ठाऊक आहे. क्रीममधून रक्तात फार कमी जातं, तरी डॉक्टर सावधगिरी म्हणून सगळेच रेटिनॉइड बंद करायला सांगतात. दिवस राहिल्याचं कळण्याआधी क्रीम लावलं गेलं असेल तर रडत बसू नका. बंद करा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी चालू असेल तर मात्र तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा.

दुसरी गोष्ट डाग उजळवणारं हायड्रोक्विनोन. ते त्वचेतून बऱ्याच मोठ्या प्रमाणात आत शोषलं जातं, म्हणून गरोदरपणात टाळतात. आपल्याकडे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड तिन्ही एकत्र असलेली मलमं "डागांची क्रीम" म्हणून हातोहात फिरतात. ती औषधं आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. शेजारणीला गुण आला म्हणून आपण लावायची तर नाहीतच.

तिसरी गोष्ट फॉर्मल्डिहाइड. केस सरळ करण्याच्या "केराटिन ट्रीटमेंट"मध्ये गरम इस्त्री फिरवली की पुष्कळदा याची वाफ निघते. डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. इथे दोन्ही गाळणी एकदमच अडवतात. केराटिन प्राण्याचं आणि वाफ बाळाला नको अशी. नऊ महिने केस कुरळे राहिले तर काही बिघडत नाही. नेलपॉलिश घेताना टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट नसलेली घ्या आणि खिडकी उघडी ठेवून लावा.

चौथी गोष्ट "फ्रेग्रन्स" किंवा "परफ्यूम" हा शब्द. त्या एका शब्दाखाली अनेक रसायनं मावतात आणि त्यांची नावं लिहिलेली नसतात. पहिल्या तीन महिन्यांत वासानं आधीच मळमळतं. बिनवासाचं घ्या, दोन्ही प्रश्न मिटतात.

आता चालतं काय? मुरमांसाठी अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड आणि बेंझॉइल पेरॉक्साइड, कमी प्रमाणातलं ग्लायकोलिक अ‍ॅसिड, आणि थोड्या जागेवर २ टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड हे डॉक्टर सहसा चालवून घेतात. सॅलिसिलिकचं पीलिंग मात्र नको. नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड चालतं. केसांना रंग लावायचाच असेल तर पहिले तीन महिने जाऊ द्या, मग हवेशीर जागी लावा. तरी प्रत्येकीची प्रकृती वेगळी असते. आपल्या डॉक्टरीणबाईंना बाटली दाखवून विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

"आयुर्वेदिक आहे" म्हणजे काय?

इथे आपण सगळ्यात जास्त फसतो. "हर्बल", "नैसर्गिक", "आजीच्या काळचं" असं ऐकलं की आपण पाकीट उलटतही नाही. सुरमा घ्या. बाजारात सुट्या मिळणाऱ्या सुरम्यात शिशाचं खनिज असू शकतं, आणि ते अगदी नैसर्गिकच असतं. सिंदूर घ्या. नारिंगी-लाल शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. हळद आणि चुन्यापासून केलेलं कुंकू वेगळं. मात्र सुट्या पुडीत नेमकं काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

शिसं आईच्या रक्तातून वारेतून थेट बाळात जातं आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणतं. वर्षानुवर्षं शरीरात गेलेलं शिसं हाडांत साठून राहतं आणि गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम खेचलं जाताना त्याबरोबर पुन्हा रक्तात उतरतं. म्हणून ही काळजी दिवस गेल्यावर नव्हे, घरात सून आल्या दिवसापासून घ्यायला हवी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे प्रसाधनांतल्या रंगात शिसं दहा लाख भागांत २० भागांहून जास्त चालत नाही. नाव-पत्ता असलेल्या कंपनीला हा नियम लागू करता येतो, सुट्या पुडीला कोण लावणार? मारवाडी घरातल्या माझ्या मैत्रिणींना हे विशेष सांगते, कारण तुमच्याकडे भांग रोज भरली जाते. सिंदूर सोडा असं मी म्हणत नाही. सुटा घेऊ नका, परवाना क्रमांक असलेला घ्या आणि हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.

मेंदीही तशीच. पानांची मेंदी तांबूस-केशरी रंगते आणि रंगायला वेळ घेते. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या कोनात पीपीडी हे केसांच्या डायमधलं रसायन असू शकतं. त्यानं हातावर फोड येतात. डोहाळजेवणाची मेंदी घरी भिजवलेली असू द्या. काकवा, मावश्या जमून काढतात, गप्पाही होतात.

घरच्या काजळाबद्दल एक अप्रिय गोष्ट. दिव्याच्या काजळीत शिसं नसलं तरी ते निर्जंतुक नसतं. ज्योतीवर येणाऱ्या जीवांचा विचार तर आपण करायलाच हवा. बाळ जन्मल्यावर त्याच्या डोळ्यांत काजळ घालू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. दृष्ट लागू नये म्हणून तीट तळपायाला लावली तरी चालते.

मर्यादा फक्त पिठालाच नाही

पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस, हे आपल्या मुलींनाही पाठ असतं. मुदत उलटली की त्यात जीव उत्पन्न होतात म्हणून आपण ते वापरत नाही. मग तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातला मस्कारा पेटीत कशाला? प्रसाधनाच्या डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं आणि आत "६ एम", "१२ एम" असं लिहिलेलं असतं. उघडल्यापासून किती महिने वापरायचं, त्याचा तो आकडा. डोळ्यांचं प्रसाधन तर तीन ते सहा महिन्यांत बदलायला हवं. मुदत संपलेल्या ओल्या प्रसाधनात जंतू वाढतात. हे आपल्या आगमांनाही मान्य आणि डॉक्टरांनाही.

याच कारणासाठी "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" असं मिरवणाऱ्या डब्या मला आवडत नाहीत. पॅराबेनबद्दल शंका आहेत, ते टाळायचे तर टाळा. पण ज्यात पाणी आहे आणि टिकवणारं काहीच नाही, ते महिनाभर कपाटात राहिलं तर त्यात काय होत असेल? घरचा लेप लावायचा तर बेसन-हळदीचा ताजा कालवा, लावा आणि उरलेला टाकून द्या.

गोरेपणाचं खूळ

आता जरा कडू बोलते. गरोदरपणात पुष्कळ जणींच्या गालांवर, कपाळावर वांग येतात. ते हार्मोन्समुळे येतात, उन्हानं गडद होतात आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचे फिके पडतात. त्यासाठी झिंक ऑक्साइड किंवा टायटेनियम डायऑक्साइडचं, एसपीएफ ३० वा जास्त असलेलं सनस्क्रीन, टोपी किंवा छत्री आणि धीर एवढं पुरे. रंगीत सनस्क्रीनमधला आयर्न ऑक्साइड वांगांवर आणखी गुणकारी ठरतो आणि मेकअपचंही काम करतो.

पण घरातल्या बायका धीर धरू देतील तर ना! "चेहरा काळवंडला गं", "फोटोत कसं दिसणार?" आणि मग कुणीतरी एक बिननावाची डबी हातावर ठेवतं. तिच्यात पारा असू शकतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली होती. स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेलं क्रीम लावून घरातल्या तिघांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच वर्षी असेच रुग्ण सापडले. पारा वार ओलांडून बाळापर्यंत जातो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये तो नकळत मिसळला तरी दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. डबीवर "मर्क्युरी" किंवा "कॅलोमेल" लिहिलेलं असेल, किंवा "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल, तर ती डबी घरात ठेवू नका. कुणी बनवली त्याचा पत्ताच नसलेली डबीही तशीच.

आणि बाळ गोरं व्हावं म्हणून केशराचं दूध, अमुक फळ, तमुक लेप? बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो, वाटीतून येत नाही. मला विचाराल तर हा प्रश्न आपल्या घरात उठायलाच नको. आपले मुनिसुव्रतनाथ श्यामवर्ण, नेमिनाथ श्यामवर्ण. त्यांच्या मूर्तीपुढे अक्षता वाहून घरी यायचं आणि सुनेला म्हणायचं, जरा उजळ दिस. हे कोणत्या तोंडानं?

ठरवायचं कुणी?

काही घरांत उलटा त्रास असतो. "गरोदर बाईनं कशाला नटायचं? मोह आहे तो." आर्यिका माताजींनी शृंगार सोडला, तो त्यांनी स्वतः, समजून सोडला. आपण अणुव्रती गृहस्थ. सुनेच्या वतीनं सासूनं केलेल्या त्यागाला त्याग म्हणत नाहीत. सात महिने उलट्या आणि पाठदुखी सोसलेली मुलगी आरशात पाहून एक दिवस हसली, तर त्यात तिचं आणि बाळाचं हितच आहे.

श्वेतांबर मैत्रिणी पर्युषणात कल्पसूत्र ऐकतात. त्यात त्रिशलामातेच्या गरोदरपणाचं वर्णन आहे. फार गरम नाही, फार थंड नाही, फार तिखट-कडू नाही, ऋतूला आणि गर्भाला मानवेल असंच तिनं घेतलं. तिनं अलंकारही घातले होते. तिथे बंदी नव्हती आणि अतिरेकही नव्हता. होती ती निवड. साधू-साध्वी आहार घेताना शोधून, पाहून घेतात, तिला आपण एषणा समिती म्हणतो. आपण गृहिणींनी डबीवरचं वाचून घेणं हा तिचाच एक लहानसा अंश आहे.

आणि अपरिग्रह विसरू नका. एकेक प्रसाधन सुरक्षित असलं तरी एका चेहऱ्यावर बारा थर कशाला? जितकं कमी, तितकं वाचायला सोपं आणि बाळापर्यंत जायलाही कमी. माझ्या मते गरोदर बाईच्या पेटीत पाच वस्तू पुरतात: बिनवासाचं मॉइश्चरायझर, झिंकचं रंगीत सनस्क्रीन, वनस्पती-मेणाची बिनकार्माइनची लिपस्टिक, नावाजलेल्या कंपनीचं परवानाधारक काजळ आणि चेहरा पुसायला साधं खोबरेल तेल. दोन्ही गाळण्यांतून उतरेल अशी वस्तू सापडलीच नाही, तर ती सोडून द्या. मेकअप म्हणजे औषध नव्हे, त्यावाचून काही अडत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. कॅप्सूलच्या जिलेटिनवरून मनात शंका आली तर पर्याय मागा, तो बहुधा मिळतो. न सांगता औषध बंद करू नका.

डोहाळजेवणाच्या दिवशी लिपस्टिक आणि काजळ आपलं घेऊन बसा. लिपस्टिक-काजळाच्या इवल्या डबीवर घटक छापायला जागा नसते, म्हणून बाहेरचं खोकं जपून ठेवा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. पार्लरवालीचे ब्रश धुतलेले आहेत का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. नवं काही लावायचं असेल तर दोन दिवस आधी कोपराच्या आत थोडं लावून पाहा, कारण या काळात त्वचा हळवी होते. खोलीची खिडकी उघडी ठेवा. पाहुणे गेले की थकवा असला तरी तोंड धुऊनच झोपा.

हे सगळं गरोदर मुलीनं एकटीनं करायचं नाही. बारीक अक्षरं वाचायला चष्मा लावून सासूबाई बसल्या, नणंदेनं मोबाइलवर नावं शोधली, तर अर्ध्या तासाचं काम आहे. ओटीत नारळ घालण्याआधी घरच्यांनी तिच्यासाठी एवढं जरूर करावं.